जंगलाला वेस आहे, दर्याला का असू नये?

पावसाळा सरतो, नारळी पौर्णिमेचा नारळ दर्याला पोचतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पाहुण्यांची रीघ लागते. हे पाहुणे आता केवळ पुण्या-मुंबईचे राहिलेले नाहीत. विदर्भातून, आणि विदर्भाच्याही पलीकडे मध्य प्रदेशच्या हद्दीत राहिलेल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी मुलखातून निघालेले कुटुंबही आज तारकर्ली-मालवण गाठते आणि पुढे पत्रादेवी ओलांडून आमच्या गोव्यात उतरते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर-विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले. छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर सौंसरही राहिले. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला व सौंसर त्यात गेले. संत्र्याच्या बागांचा हा मुलूख समुद्रापासून फार दूर आहे. तिथल्या कन्हान नदीचे पाणीदेखील वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्या पश्चिम समुद्राशी त्याची कधी भेटच होत नाही. अशा भूमीतून आलेल्या माणसाला समुद्राचे अप्रूप वाटावे, त्याच्या पोटात शिरून तिथले जग डोळ्यांनी पाहावेसे वाटावे, यात नवल ते काय?

या पाहुण्याचे स्वागतच आहे. परंतु त्याच्या निमित्ताने एक प्रश्न आमच्या मनात उभा राहतो आणि तो किनाऱ्यावरच्या जाणत्या वाचकांपुढे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

सौंसरच्या या माणसाला जंगल काही नवे नाही. पेंचचे अरण्य त्याच्या शेजारचे. त्याचे जमतरा फाटक जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातच आहे. १९८३ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले व १९९२ साली व्याघ्र प्रकल्पात गेले. तिथे जायचे तर फाटकावर नाव नोंदवावे लागते, शुल्क भरावे लागते, वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. गाड्यांची संख्या ठरलेली असते. गाडीने मळलेली वाट सोडायची नाही, खाली उतरायचे नाही, हाका मारायच्या नाहीत, चितळापुढे बिस्किटाचा तुकडासुद्धा टाकायचा नाही. प्राण्यापासून निदान वीस मीटर आणि दोन गाड्यांमध्ये पन्नास मीटर अंतर राखावे, असे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ सालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पावसाळ्यात गाभ्यातले पर्यटन बंद असते. हे सर्व नियम नेहमीच काटेकोरपणे पाळले जातात असे आम्ही म्हणत नाही. वाघाला गाड्यांचा गराडा पडल्याच्या तक्रारी तिथूनही येतात. परंतु आपण कोणाच्या तरी घरात पाऊल टाकीत आहोत, ही जाणीव त्या फाटकापाशी प्रत्येकाला होते.

हाच माणूस मालवणच्या जेटीवर उतरतो तेव्हा मात्र सारे बदलते. इथेही अभयारण्य आहे, पण त्याला ते कोणी सांगत नाही. तो होडीत बसतो, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात त्याच्या पाठीवर हवेची टाकी बांधली जाते, तोंडात नळी आणि डोळ्यांवर काच येते आणि पोहता येत नसले तरी मार्गदर्शकाच्या हाताला धरून तो पाण्याखाली उतरतो. मासे जवळ यावेत आणि छायाचित्र चांगले निघावे म्हणून पावाचा तुकडा त्याच्या हाती दिला जातो. पाय टेकायला जागा शोधताना तो ज्या खडपावर उभा राहतो, ते खडप जिवंत प्रवाळांचे असू शकते. वर आल्यावर डॉल्फिन दाखवायला होडी पुढे निघते आणि पाण्यावर कुठे पाठ दिसली, की चार दिशांनी चार होड्या इंजिनाचा आवाज करीत तिच्यामागे लागतात. पेंचमध्ये चितळाला बिस्किट न टाकणारा हाच गृहस्थ इथे माशांना पाव चारतो. तो माणूस काही रातोरात बेजबाबदार झालेला नाही. जंगलाला वेस होती, ती त्याने ओळखली. दर्याला वेस आहे हे त्याला कोणी दाखवलेच नाही.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर हा भेद मुळीच नाही. १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा जसा वाघाला लागू आहे तसाच डॉल्फिनलाही. दोघांचेही स्थान पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. खडक बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश त्याच अनुसूचीत २००१ साली झाला. मालवणचे सागरी अभयारण्य तर १९८७ सालीच घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या परिसरातील एकोणतीस चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक समुद्र त्यात येतो आणि त्यातील सुमारे तीन चौरस किलोमीटर हा गाभा मानला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्या कुरटे बेटावर या जलदुर्गाचा पाया घातला, त्याच बेटाभोवतीचा हा समुद्र आहे. म्हणजे इतिहासाचे वैभव आणि निसर्गाचे वैभव एकाच ठिकाणी नांदत आहे. कागदावर संरक्षणाची काही उणीव नाही. उणीव आहे ती कागदावरचा कायदा पाण्यात उतरण्याची.

आता या पाण्यात आहे तरी काय, हे थोडे पाहू. किनाऱ्यावरचे मच्छीमार ज्याला गादा म्हणतात, तो आपल्याकडचा कुबडवाला डॉल्फिन. हा खोल समुद्राचा रहिवासी नव्हे. नद्यांची मुखे, खाड्या आणि किनाऱ्यालगतचे उथळ पाणी हेच त्याचे घर. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची गणना संकटग्रस्त जातींत केली आहे. त्याची मादी एका वेळी एकच पिल्लू देते आणि पुढचे पिल्लू होईपर्यंत काही वर्षे जातात. एक पिल्लू गमावले तर ते नुकसान लवकर भरून येत नाही. मचूळ, गढूळ पाण्यात तो डोळ्यांपेक्षा कानांवर जगतो. स्वतः काढलेल्या ध्वनीचा प्रतिध्वनी ऐकून तो मासा शोधतो, वाट शोधतो, आपल्या कळपाशी संबंध ठेवतो. त्याच्याभोवती चार इंजिने गुरगुरू लागली, की त्याच्या दृष्टीने भर दुपारी अंधार पडतो. शिवाय तो मासा नसून सस्तन प्राणी आहे. श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. ज्या क्षणी तो श्वासासाठी वर येतो, नेमक्या त्याच क्षणी आपण त्याच्यावर होडी घालतो.

प्रवाळांची कथाही फारशी वेगळी नाही. ज्याला आपण दगड समजतो ती अतिसूक्ष्म जीवांची वसाहत असते. गोलाकार वाढणाऱ्या प्रवाळांच्या अनेक जाती वर्षाकाठी जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. हातभर उंचीचा प्रवाळ तयार व्हायला माणसाचे अर्धे आयुष्य लागते, आणि नांगराच्या एका फेकीत तो फुटतो. समुद्राचे पाणी तापले की हे प्रवाळ पांढरे पडतात. मालवणच्या पाण्यात असे घडल्याचे आमच्या दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदले आहे. तापणाऱ्या समुद्रावर मालवणच्या होडीवाल्याचा किंवा पणजीच्या संपादकाचा इलाज चालत नाही. पण आधीच आजारी पडलेल्याच्या अंगावर नांगर टाकू नये, एवढे तर आपल्या हाती आहे ना?

पडद्यावर अलीकडे एक दृश्य फार लोकप्रिय झाले आहे. थंड प्रदेशातील उथळ समुद्रात पाणबुड्या उतरला आहे आणि एक सील, म्हणजे मिशीवाला, मोठ्या डोळ्यांचा तो गुबगुबीत सस्तन प्राणी, त्याच्या पायातील रबरी पंख दातांनी हळूच ओढतो आहे. असे दृश्य पाहून आलेला पाहुणा आपल्याकडेही तशाच जवळिकीची अपेक्षा करतो. आपल्या किनाऱ्यावर सील नाहीत. परंतु ज्या देशांत ते आहेत, तिथे ही जवळीक कशी घडते हे समजून घेण्यासारखे आहे.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगत फार्न नावाची लहान बेटे आहेत. १९२५ सालापासून ती तिथल्या नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहेत. करड्या सीलची तिथे मोठी वसाहत असून बेटांभोवतीच्या उथळ पाण्यात पाणबुडे उतरतात. ब्रिटनने या प्राण्याच्या संरक्षणासाठी पहिला कायदा १९१४ साली केला. आज तिथे उतरणाऱ्यास जी शिस्त सांगितली जाते ती मोजक्या शब्दांत सांगता येईल: पाण्यात शांतपणे उतरावे, एका जागी थांबावे, पाठलाग करू नये, हात लावू नये, खाऊ घालू नये, आणि सील व पाणी यांच्या मध्ये कधीही उभे राहू नये. सील जवळ आलाच तर तो त्याच्या मर्जीने येतो, आणि नाही आला तर पाणबुड्या रिकाम्या हाताने परततो. पडद्यावरच्या त्या गोड दृश्यामागे ही थांबण्याची तपश्चर्या आहे. ज्याला थांबता येत नाही, त्याला ते दृश्य दिसतही नाही.

जिथे ही शिस्त सुटली तिथे काय होते याचेही दाखले आहेत. अमेरिकेत सॅन दिएगो शहरालगत ला होया येथे १९३१ साली मुलांना निर्धास्त पोहता यावे म्हणून समुद्रात भिंत घालून एक उथळ तलाव करण्यात आला. पुढे सीलना ती जागा आवडली आणि त्यांनी तिथे पिल्ले घालायला सुरुवात केली. पोहणारे एका बाजूला, प्राणिप्रेमी दुसऱ्या बाजूला, असा वाद कित्येक वर्षे कोर्टकचेऱ्यांत चालला. अखेर पिल्लांच्या हंगामात तो किनारा माणसांना बंद करण्यात आला. तिथली समुद्री सस्तन प्राण्यांना संरक्षण देणारी तरतूद १९७२ सालची, म्हणजे आपल्या वन्यजीव कायद्याच्याच वर्षाची आहे. फरक एवढाच, की तिथे तो कायदा किनाऱ्यावरच्या दोरीपर्यंत आणि पाटीपर्यंत येऊन पोचला.

खाऊ घालण्याच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मंकी मिया या ठिकाणाचा अनुभव डोळे उघडणारा आहे. तिथे १९६० च्या दशकापासून लोक डॉल्फिनना हाताने मासे देत. डॉल्फिन गुडघाभर पाण्यात येऊ लागले आणि जगभरातून पर्यटक लोटले. पण अभ्यासकांच्या लक्षात आले, की माणसांच्या हातचे खाणाऱ्या माद्यांची पिल्ले इतरांच्या मानाने अधिक दगावतात. आई किनाऱ्याशी माशांची वाट पाहत घुटमळे, पिल्लाला पाजणे आणि शिकार शिकवणे राहून जाई. १९९० च्या दशकात नियम कडक करण्यात आले, कोणाला, किती आणि केव्हा द्यायचे ते ठरले, तेव्हा पिल्ले जगण्याचे प्रमाण सुधारले. प्रेमाने पुढे केलेला घासही जीवघेणा ठरू शकतो, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. मालवणच्या खडपात पाव टाकणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण शेवाळ खरवडून खाणारा मासा पावाला चटावला, तर प्रवाळांवर माजणारे शेवाळ कोण साफ करणार?

माणसाच्या सुरक्षिततेचाही विचार याच ओघात केला पाहिजे. पाणी उथळ म्हणजे धोका कमी, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. पाण्याखाली दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. म्हणजे दाबातला सर्वांत मोठा फरक या पहिल्या टप्प्यातच पडतो. टाकीतली हवा घेतलेल्या माणसाने घाबरून श्वास कोंडला आणि तो वर उसळला, तर फुप्फुसांतली हवा फुगते आणि दोन पुरुष पाण्यातूनही जीवघेणी इजा होऊ शकते. म्हणून काही मिनिटांचे घाईचे शिक्षण हे शिक्षण नव्हे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पाणबुडीच्या सफरीहून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचे प्राण गेले. त्यानंतर तपासण्या झाल्या, परवान्यांची चर्चा झाली. बैल गेला आणि झोपा केला, ही आपली जुनी सवय. रानटी प्राण्याला हात लावण्याचा मोहही तितकाच धोक्याचा आहे. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या परिसरातील फर सीलमध्ये २०२४ साली रेबीजचा फैलाव झाल्याचे उघडकीस आले, आणि जिथे लोक हौसेने त्यांच्याबरोबर पोहत होते तिथे सावधगिरीच्या सूचना काढाव्या लागल्या.

इतके वाचल्यावर मालवणचा एखादा मच्छीमार आम्हांस विचारील, "संपादक महाराज, आमच्या पोटाचे काय?" हा प्रश्न रास्त आहे. समुद्रातील मासळीचा भरवसा उरलेला नाही. रापणीला पुरेसे मिळेनासे झाले तेव्हा याच लोकांच्या मुलांनी होड्या पर्यटकांसाठी वळवल्या, पाणबुडीचे शिक्षण घेतले, घरातल्या खोल्या पाहुण्यांना दिल्या. २०१० नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर जो प्रकल्प राबवला गेला, त्यात स्थानिक तरुणांना या कामाचे प्रशिक्षणही मिळाले. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची पाणबुडी प्रशिक्षण संस्था उभी आहे. गावातला मुलगा गावातच मानाने कमावतो ही लहान गोष्ट नव्हे. तिच्यावर कोणी पाणी सोडावे असे आम्ही कदापि म्हणणार नाही.

मच्छीमारांच्या मनात दुसरी एक सल आहे, तीही समजून घेतली पाहिजे. १९८७ साली अभयारण्य आले ते वरून आले. आपल्या वाडवडिलांचे पाणी एका अधिसूचनेने सरकारजमा होणार आणि उद्या जाळे टाकणे हाच गुन्हा ठरणार, ही भीती मालवणात तेव्हापासून घर करून आहे. शिवाय पर्ससीनवाले आणि प्रखर दिवे लावून रात्री मासे उपसणारे मोठे धंदेवाले किनाऱ्याचे धन लुटतात, त्यांना कोणी हटकत नाही; पर्ससीनवर २०१६ साली राज्याने निर्बंध घातले, दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ साली केंद्राने बंदी आणली, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. मग कायद्याचा दंडुका गरीब होडीवाल्याच्याच पाठीत का, असे त्याने विचारले तर त्याला दोष देता येणार नाही. १९७० च्या दशकात आमच्या गोव्यातील रापणकार यांत्रिक ट्रॉलरांच्या विरुद्ध उभे राहिले, तेव्हा त्यांचे भांडणही हेच होते: समुद्र ज्याच्या जगण्याचा आधार आहे, त्याला विचारल्यावाचून समुद्राचा कारभार होऊ नये. त्या लढ्याचे महत्त्व आम्ही विसरलेलो नाही.

म्हणूनच आमचे म्हणणे असे, की दर्याची वेस आखायची ती दर्यावर्द्यांनीच आखली पाहिजे. हे स्वप्नरंजन नव्हे; शेजारीच त्याचे दाखले आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली कासवांच्या संवर्धनास हात घातला. ज्या गावात कासवांची अंडी चोरीला जात होती, त्याच गावाने पुढे घरटी राखली. आता पिल्ले समुद्राकडे निघतात तेव्हा पर्यटक दोरीमागे उभे राहतात आणि गावच्या घरांतच जेवतात, उतरतात. एखाद्या दिवशी घरट्यातून पिल्ले आलीच नाहीत, तर पाहुणा दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा येतो. गुजरातेत देवमुशीला, म्हणजे व्हेल शार्कला, २००१ साली कायद्याचे संरक्षण मिळाले. परंतु तिची शिकार खऱ्या अर्थाने थांबली ती २००४ सालापासून, जेव्हा मोरारी बापूंनी मच्छीमारांना सांगितले, की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. तेव्हापासून तिथल्या कोळ्यांनी स्वतःची जाळी कापून शेकडो देवमुशी सोडून दिल्या, आणि जाळ्याच्या नुकसानीची भरपाई वनखात्याने दिली. महाराष्ट्रानेही २०१८ च्या अखेरीस तशीच भरपाईची योजना आणली. कायदा, श्रद्धा आणि पोट या तिघांची सांगड घातली, तर आपला कोळी कोणत्याही वनरक्षकापेक्षा अधिक दक्ष असतो, हेच यावरून सिद्ध होते.

तेव्हा करावयाचे काय, ते स्पष्ट सांगतो. पहिली गोष्ट, पाणबुडीच्या जागांवर नांगर टाकणे पूर्ण बंद व्हावे आणि होड्या बांधण्यासाठी तळाशी पक्के केलेले बोये पुरेशा संख्येने बसवावेत. त्याचा खर्च फार नाही. एका हंगामाच्या शुल्कातून तो सहज निघेल. दुसरी, एका जागी एका वेळी किती होड्या आणि किती माणसे उतरतील, याची मर्यादा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेने शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने ठरवावी व पाळी लावून सर्वांना समान धंदा मिळेल असे पाहावे. काही जागा आळीपाळीने एकेक हंगाम विश्रांतीला सोडाव्यात. शेतकरी रान पडीक टाकतो त्याला कोणी तोटा म्हणत नाही. तिसरी, पाव चारणे बंद. चौथी, डॉल्फिन दिसताच इंजिन मंद करावे, पन्नास मीटरच्या आत जाऊ नये, कळपाच्या मधून होडी घालू नये, पिल्लू बरोबर असल्यास मागे फिरावे आणि एका कळपापाशी एकाहून अधिक होड्या दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नयेत. पाचवी, प्रत्येक होडीवर प्रमाणित मार्गदर्शक, प्रत्येकाच्या अंगावर तरंगणारे जाकीट, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी मराठीतून व हिंदीतून नीट सांगितलेली शिस्त. सहावी आणि सर्वांत महत्त्वाची: पर्यटकांकडून घेतलेले अभयारण्याचे शुल्क सरकारी तिजोरीत न जाता त्याच गावच्या निधीत जमा व्हावे आणि त्याचा हिशेब जेटीवर फळ्यावर लागावा. ज्याला राखण करायला सांगायचे, त्याच्या हाती राखणीचे मोलही पडले पाहिजे.

गोव्यातील वाचकांनी हे मालवणचे दुखणे म्हणून वाचू नये. सिकेरी, कोकोबीच, पाळोळे इथल्या डॉल्फिन-सफरी आपल्या दाराशीच चालतात. "डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत" अशी हमी देऊन गिऱ्हाईक ओढण्याची चढाओढ जिथे लागते, तिथे तांडेलाने मुक्या प्राण्याचा पाठलाग करावा, अशी सोय आपणच करून ठेवतो. ही हमी बेकायदा ठरवली पाहिजे. पेंचच्या फाटकावर वाघ दिसेलच अशी हमी कोणी देत नाही, आणि तरीही तिथली गर्दी ओसरलेली नाही. समुद्रात प्राणी दिसणे हे दर्याचे दान आहे. ते तिकिटाबरोबर विकता येत नाही. बंद तलावात डॉल्फिन नाचवणारी उद्याने आपल्या देशाने २०१३ साली नाकारली आणि ते योग्यच झाले. पण मोकळ्या समुद्रात होड्यांचे कडे करून त्याला तोच नाच करायला लावले, तर त्या निर्णयाला अर्थ काय राहिला?

पाहुण्यालाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. अतिथी देव असतो हे आम्ही मानतो, पण देव यजमानाच्या घरातली भांडी फोडत नाही. होडीवाला जे करतो ते बव्हंशी पाहुण्याच्या आग्रहाखातर करतो. "अजून जवळ घ्या" असे ज्या दिवशी पाहुणा म्हणेनासा होईल, त्या दिवशी निम्मा प्रश्न सुटेल. सौंसरहून आलेल्या कुटुंबाने इथल्या तांडेलाला एकदा विचारावे, "आमच्या पेंचमध्ये गाडी थांबवून बसतात, तुम्ही होडी थांबवून बसता का?" जंगलाच्या शेजाऱ्याने समुद्राच्या शेजाऱ्याला विचारलेला हा प्रश्न शंभर परिपत्रकांपेक्षा अधिक काम करील, असा आमचा विश्वास आहे.

हंगामाच्या मध्यावर असल्या गोष्टी कोणी कानावर घेत नाही, हे आम्ही जाणतो. मे अखेरीस होड्या किनाऱ्याला लागतील, पावसाळ्याचे तीन महिने दर्या स्वतःच आपली वेस बंद करील. सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांनी, वनखात्याच्या कांदळवन कक्षाने आणि सागरी मंडळाने तेवढ्या अवधीत मच्छीमार संस्थांना बरोबर घेऊन बसावे; गोव्याच्या बंदर कप्तानांनी व पर्यटन खात्यानेही इकडे तेच करावे. नियम मच्छीमारांच्या सहीने व्हावेत, बोये खरेदी व्हावेत आणि पुढच्या नारळी पौर्णिमेला नारळ पाण्यात सोडण्यापूर्वी ते आपापल्या जागी लागलेले असावेत. दर्याने शांत व्हावे म्हणून आपण त्याला श्रीफळ देतो. आपणही त्याच्या घरात शांतपणे वागू, एवढे वचन त्या श्रीफळाबरोबर द्यायला काय हरकत आहे?